बिघाड यंत्रात, ठपका मुलीवर

(माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव इथं बचतगटांच्या बायका आणि कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातल्या पुनरुक्ती काढून इथं देत आहोत.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या पोरींनो,

आजच्या बैठकीत मी कॉम्प्युटरवर बोलणार आहे असं कळल्यावर दोघी-तिघींनी मला विचारलं, ‘ताई, दारूबंदीवर नाही का? पोटगीवर नाही का?’ तेही विषय आहेतच, दुपारी त्यावर बोलू. पण गेल्या काही महिन्यांत आपल्याच गटातल्या एका घरात जे घडलं, ते तुमच्यापुढं ठेवावं असं मला वाटतं. त्या घरातल्या आई आणि लेक दोघी इथं बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी बोलते आहे. नाव घेऊ नका असं त्यांनी सांगितलं आहे, म्हणून मी ‘लेक’ आणि ‘आई’ एवढंच म्हणेन.

लेक वीस वर्षांची. एस.टी.नं कॉलेजला जाते. दोन वर्षं सुट्टीत आणि रविवारी तिनं एका सेवा केंद्रात फॉर्म भरायचं काम केलं, त्यातून पैसे साठवले. बाकीचे वीस हजार आईनं गटातून कर्ज काढले. सगळे मिळून साठेक हजारांत तिनं शहरातल्या दुकानातून एकेक भाग विकत आणला आणि घरी बसून, व्हिडिओ बघत, स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला. साधा नव्हे. ज्यावर मोठमोठे गेम चालतात तसला, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. कर्जाचा विषय गटात आला तेव्हा मीच सांगितलं होतं की कॉम्प्युटर अभ्यासासाठी आहे. ती त्यावर अभ्यासही करणार होती, लग्नाचे व्हिडिओ जोडून चार पैसेही मिळवणार होती. पण तिला तो मुख्यतः गेम खेळायला हवा होता. ते मला माहीत होतं आणि ते बोलायला मी कचरले. मुलानं खेळायला मोबाईल मागितला तर आपण त्याला कारण विचारत नाही. मुलीनं काही मागितलं की त्याला शिक्षणाचं किंवा कमाईचं अस्तर लावल्याशिवाय ते मंजूर होत नाही. स्त्रीमुक्तीच्या गोष्टी सांगणारी मी, मीसुद्धा ते अस्तर लावलं. तिला खेळायला आवडतं एवढं कारण पुरेसं होतं.

आता कॉम्प्युटर आला, जोडला, पहिल्याच झटक्यात सुरू झाला. घरात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी तो बंद पडला. गेम चालू असताना स्क्रीन एकदम काळी आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी निळी स्क्रीन आली, तीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, आणि पुन्हा बंद. मग हे रोजचं झालं. दोन दिवस नीट चालायचा, मग एका दिवसात तीनदा बंद.

घरात काय बोललं गेलं ते सांगते. चुलते म्हणाले, ‘पोरीनं जोडल्यावर दुसरं काय होणार?’ आजी म्हणाली, ‘रात्रंदिवस वापरलं, तापून गेलं.’ भाऊ म्हणाला, ‘हिनं कुठलं तरी भलतं डाउनलोड केलं, व्हायरस शिरला.’ वडील शांत होते. त्यांनी एवढंच सांगितलं, ‘महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर येईल त्या भावात विकून गटाचे पैसे फेडून टाकू.’ याच बोलण्यात, त्याच दमात, ‘आणि पुढच्या वर्षी स्थळं बघायला लागू’ हेही आलं. एका यंत्राच्या बंद पडण्याला पोरीचं लग्न कसं जोडलं गेलं पाहा. हिला झेपत नाही हे एकदा सिद्ध झालं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

मैत्रिणींनो, मला त्या वेळी एक जुनी गोष्ट आठवली. आपल्या चळवळीतल्या थोरल्या मैत्रिणींनी १९८० च्या दशकात गावोगाव आणि शहरोशहर लढून जी गोष्ट वेशीवर टांगली ती. सून जळून मेली की घरचे सांगायचे, स्टोव्हचा भडका उडाला. दोष स्टोव्हचा. त्याच घरात तोच स्टोव्ह सासूच्या, नणंदेच्या हातात कधी भडकायचा नाही, फक्त सुनेच्या हातात भडकायचा. १९८३ साली ४९८-अ कलम आलं ते या खोट्या कारणांच्या मागं जाऊन विचारणा झाली म्हणून. बाई मेली तर दोष यंत्राचा, आणि यंत्र मेलं तर दोष बाईचा. दोन्ही वेळा खरं कारण शोधायचं टाळलं जातं. जळालेल्या बाईची आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटरची बरोबरी मी करत नाही. पण कारण न शोधता ठपका ठेवायची सवय एकच आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

मग आम्ही काय केलं? मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण समाजकार्याच्या शिक्षणात एक गोष्ट आमच्या हाडीमाशी खिळवली होती. बाई तक्रार घेऊन आली की सल्ला द्यायची घाई करायची नाही. कधी घडलं, कुठं घडलं, आधी काय झालं, कोण हजर होतं, ते आधी लिहून काढायचं. मी लेकीला म्हटलं, ‘आपण याचा केसपेपर करू.’ दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: तारीख, वेळ, त्या वेळी काय चाललं होतं, स्क्रीन काळी झाली की निळी, निळी असेल तर तीवर काय लिहिलं होतं, घरात त्या वेळी आणखी काय चालू होतं. आणि एक नियम केला. वही भरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही.

चोवीस दिवसांची नोंद झाली. कॉम्प्युटर एकूण चौदा वेळा बंद पडला. नऊ वेळा निळी स्क्रीन, पाच वेळा एकदम काळोख. नोंद करताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की हे दोन वेगळे आजार आहेत. आपण सगळे एकच समजत होतो.

कॉम्प्युटर स्वतःही एक नोंदवही ठेवतो. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची जागा असते. काळोख झाला की तिथं ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पडायची. लेकीला वाटलं सापडलं कारण. पण त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मशीन रीतसर बंद न होता मध्येच बंद पडलं. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात ‘आकस्मिक मृत्यू’ लिहितात तसंच ते. मृत्यू झाला हे कळतं, का झाला हे कळत नाही. नोंद म्हणजे तपास नव्हे. तपास पुढं करावा लागतो.

पहिला संशय उष्णतेचा, आजीचा. तिला वेड्यात काढायचं कारण नव्हतं, नव्या जोडलेल्या मशीनमध्ये हे खरंच होतं. प्रोसेसरवरचा पंखा नीट घट्ट बसला नाही, किंवा त्याच्या बुडाचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं राहिलं, तर प्रोसेसर तापतो. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास तो स्वतःला सावरायला वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर बंद होतो. लेकीनं तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं आणि तासभर गेम चालवला. पारा सत्तरीच्या पुढं गेला नाही. ग्राफिक्स कार्डही ठीक. उष्णता सुटली. व्हायरसचा संशय होता, म्हणून विंडोज पुसून नव्यानं घातली. निळी स्क्रीन तरीही आली. व्हायरसही सुटला. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. जे कारण नाही ते लिहून ठेवणंही महत्त्वाचं, नाहीतर पुढच्या भांडणात ते परत उकरून निघतं.

आता निळी स्क्रीन. नऊ वेळा आली आणि प्रत्येक वेळी तीवरचं नाव वेगळं. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट’, कधी आणखी काही. तक्रार एक आणि जबाब दर वेळी वेगळा, असं असेल तर संशय रॅमवर घ्यायचा असतो. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचा ओटा. जे काम चालू आहे ते तिथं मांडलेलं असतं. ओट्याची एक फरशी हलत असेल तर कधी डबा सांडतो, कधी ताट पडतं. दर वेळी वेगळंच काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

लेकीच्या मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन रॅमपट्ट्या होत्या. आधी तिनं सेटिंगमध्ये जाऊन रॅमचा वेग कमी केला. या पट्ट्यांवर ३२०० चा वेग छापलेला असतो. तो ‘एक्सएमपी’ नावाच्या सोयीनं चालू करावा लागतो, नाहीतर पट्टी त्याहून सावकाश, बोर्डाच्या नेहमीच्या वेगानं चालते. वाढवलेला वेग झेपत नाही म्हणून पुष्कळ नवी मशिन्स बंद पडतात. वेग कमी केला, तरी निळी स्क्रीन आली. मग ‘मेमटेस्ट’ नावाची तपासणी पेन ड्राइव्हवर घेतली. विंडोज सुरू न करताच ती चालते आणि रॅमचा कोपरा न् कोपरा तपासते. यात एकही चूक निघता कामा नये. शंभरातल्या नव्याण्णव बरोबर, असं इथं चालत नाही. दोन्ही पट्ट्या ठेवून तपासलं तर चुका निघाल्या. मग मशीन बंद करून, पिन काढून, हात आधी कॅबिनेटच्या लोखंडाला लावून अंगातली स्थिर वीज घालवून, तिनं एक पट्टी काढली. एकटी पहिली पट्टी रात्रभर तपासली, शून्य चुका. एकटी दुसरी लावली, दहा मिनिटांत स्क्रीन लाल चुकांनी भरली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, तिथंही तेच. म्हणजे खाच चांगली, पट्टी खराब. कारखान्यातूनच तशी आलेली.

त्या रात्री अकरा वाजता लेकीचा फोन आला. म्हणाली, ‘ताई, मी नाही बिघडवलं.’ आधी हे वाक्य, मग रॅमचं. महिनाभर तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं. घरचे म्हणत होते, ते तिलाही कुठंतरी खरं वाटायला लागलं होतं.

आता दुकान. लेक फोन करायची तर उत्तर यायचं, ‘पप्पांना बोलायला सांगा.’ शेवटी ती गेली, बरोबर भाऊ. दुकानदार सगळा वेळ भावाकडं बघून बोलत होता, आणि भावाला रॅम कशाला म्हणतात हेही माहीत नव्हतं. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडं लाइटचा प्रॉब्लेम असेल. मग म्हणाला, घरी उघडलं म्हणजे वॉरंटी गेली. लेकीनं बिल पुढं केलं. भाग सुटे विकत घेतलेले होते, तेव्हा ‘उघडलं’ हा प्रश्नच येत नाही, रॅमला तिची स्वतंत्र वॉरंटी आहे. तपासणीचे फोटो दाखवले, वही दाखवली. त्याच्याच मशीनवर पट्टी तपासा म्हणाली. तपासली. अकरा दिवसांनी नवी पट्टी मिळाली.

पट्टी मिळाली नसती तर काय करायचं तेही आम्ही ठरवून ठेवलं होतं, आणि ते प्रत्येकीनं लक्षात ठेवा. मिक्सर असो, शिलाई मशीन असो की मोबाईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणं तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठल्याही शहरात असलं तरी. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. आधी सल्ला हवा तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मात्र बिल पाहिजे, आणि बिल तुमच्या नावानं पाहिजे. बायका कमाईच्या पैशांनी वस्तू घेतात आणि बिल नवऱ्याच्या नावानं करतात. ते थांबवा.

निळी स्क्रीन गेली. काळोख राहिला. आणि इथून पुढची गोष्ट आईची आहे.

काळोख पाच वेळा झाला होता. दर वेळी संध्याकाळी. चार वेळा गेम चालू, एकदा व्हिडिओ तयार होत होता. म्हणजे मशीनवर भार असतानाच. दुकानातला माणूस म्हणाला होता, आणून द्या, दोन दिवस चालवून बघतो. त्यानं दोन दिवस चालवला असता आणि काही झालं नसतं. आम्ही तिघी वही घेऊन ओट्याशी बसलो होतो. आई भाकरी थापत होती. लेक तारखा वाचत होती. आई तव्याकडं बघतच म्हणाली, ‘ह्या तर नळाच्या तारखा हायेत.’

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. त्या महिन्यात चौथ्या दिवशी येत होता, संध्याकाळी. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण माकणीतच आहे, तरी आपल्या बायकांचा दिवस नळाच्या पाळीवरच ठरतो, हे मी तुम्हाला काय सांगू? नळ आला की प्रत्येक घर पाणी ओढायला मोटार लावतं. सगळ्या मोटारी पाच-दहा मिनिटांत एकदम सुरू होतात. मोटार सुरू होताना, पहिल्या क्षणाला, चालू असतानाच्या कितीतरी पट वीज ओढते. होल्टेज खाली येतं, दिवा मंद होतो. आपण सगळ्यांनी ते रोज पाहिलं आहे.

कॉम्प्युटरमध्ये ‘एसएमपीएस’ नावाचा एक डबा असतो. बाहेरची २३० व्होल्टची वीज तो आतल्या भागांना लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून देतो. बाहेरची वीज क्षणभर तुटली तर तो साठवणीवर मशीन धरून ठेवतो, पण पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच. आपल्याकडच्या विजेची एक लहर २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एक लहरसुद्धा नाही. मशीनवर भार कमी असेल तर साठवण जास्त वेळ पुरते. गेम चालू असेल तर ग्राफिक्स कार्ड ती लगेच ओढून संपवतं. म्हणून टायपिंग करताना काही व्हायचं नाही आणि गेममध्ये काळोख व्हायचा. घरचे म्हणायचे, ‘बघा, गेम खेळली की बंद पडतो.’ निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकीचा होता.

वही पुन्हा पाहिली. चोवीस दिवसांत नळ सहा वेळा आला होता. पाच वेळा काळोख. सहाव्या वेळी लेक कॉलेजचं काम टाइप करत होती, ‘दिवा मंद झाला’ एवढीच नोंद, मशीन चालूच. चपखल बसलं. तरी आम्ही खात्री करून घेतली. सेवा केंद्रातून एक यूपीएस दोन दिवसांसाठी मागून आणला. नळाच्या दिवशी, बरोबर त्या वेळेला, गेम चालू ठेवला. मोटारी सुरू झाल्या, दिवा मंद झाला, यूपीएस ‘टक’ वाजला आणि गेम चालूच राहिला. मग उलटी परीक्षा. नळ नसलेल्या दिवशी यूपीएस काढून तीन तास खेळली. काही झालं नाही. तेव्हा आम्ही मान्य केलं की कारण सापडलं.

दुकानातल्या तंत्रज्ञाला हे सापडलं नसतं, कारण त्याच्या दुकानात नळ येत नाही. चुलत्यांना सापडलं नसतं, कारण ते याच घरात राहत असले तरी पाणी कधी येतं हे त्यांना माहीत नाही. पाणी भरणाऱ्या बाईला सापडलं. तिनं कॉम्प्युटरला आजवर बोट लावलेलं नव्हतं. तिच्या कामाची नोंद कुठंही होत नाही, म्हणून तिच्या ज्ञानाचीही होत नाही. वहीत ‘घरात आणखी काय चालू होतं’ हा रकाना नसता तर तिला बोलायला जागाच मिळाली नसती.

हे काही आजचं नाही. अमेरिकेत १९४६ साली ‘एनिअॅक’ हा खोलीभर आकाराचा कॉम्प्युटर जगापुढं आला. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब त्यात होत्या आणि त्या सारख्या जायच्या. त्यावर गणितं मांडायचं काम सहा स्त्रियांनी केलं. जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, के मॅकनल्टी, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. शिकवायला पुस्तक नव्हतं. आराखडे बघून त्या शिकल्या आणि बिघाड नेमका कुठल्या ट्यूबमध्ये आहे इथपर्यंत शोधू लागल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये मोठं प्रात्यक्षिक झालं, रात्री मेजवानी झाली. तिला या बायकांना बोलावलं नव्हतं. पुढं कित्येक वर्षं लोकांना वाटायचं, फोटोत त्या नुसत्या शोभेसाठी उभ्या आहेत.

आणि तितकं लांब तरी कशाला जायचं? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप इथल्या थोरल्यांनी अंगावर घेतला आहे. मी तेव्हा लहान होते, आईकडून ऐकलं ते सांगते. लोक म्हणाले कोप झाला, पाप भरलं. पण माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. त्यानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’बरोबर गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. भिंत का पडते, कोपरा कसा बांधायचा हे शिकल्या आणि दुसऱ्यांना सांगू लागल्या. घर का पडलं हे विचारलेल्या बायकांच्या भागातल्या आपण आहोत. आपल्याला कॉम्प्युटर का पडला हे विचारता येणार नाही?

आता कर्जाचं. यूपीएसला पैसे लागणार होते. लहान घेऊन उपयोग नव्हता, गेमच्या मशीनचा भार पेलेल असा, हजार-अकराशे व्हीएचा हवा होता. पुन्हा गटापुढं आलो. या वेळी मी खरं सांगितलं की पोरीला गेम खेळायचा आहे. दोघींनी विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. एकीच्या घरी दवाखान्याचा खर्च होता. चर्चा झाली. एक काकू म्हणाल्या, ‘आमचा दाद्या पारावर पत्ते खेळतो, त्याला कुणी विचारतंय का? ही तर घरात बसून खेळती.’ दवाखान्याचं कर्ज आधी द्यायचं आणि यूपीएसचं पुढच्या महिन्यात, असं ठरलं. तसंच झालं. हप्ते वेळेवर चालू आहेत.

शेवटची गोष्ट, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची. यूपीएस बसवायला वायरमन आला तेव्हा लेक म्हणाली, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यानं पाहिलं तर बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. घराला अर्थिंगच नाही. मशीनच्या लोखंडावर आलेली वीज जमिनीत जायला वाट नव्हती, ती हातातून जात होती. कॉम्प्युटरच्या झिणझिण्या जिवावर उठल्या नसत्या कदाचित. पण त्याच घरात, त्याच बोर्डावर, ओल्या अंगणात, अनवाणी पायांनी पाण्याची मोटार कोण लावतं? आई. मोटारीत वीज उतरली तर काय होतं, ते आपल्यापैकी काहीजणींनी आपल्या नात्यात पाहिलं आहे.

आम्ही मग गल्लीतली घरं बघितली. अकरा घरांत तिसरं भोक नुसतं नावाला. गटानं वायरमनला एकत्र बोलावलं, म्हणून दर कमी पडला. सात घरांचं अर्थिंग झालं आहे, चार घरांचं राहिलं आहे. त्याच वेळी मेन स्विचजवळ वीज गळती होताच बंद पडणारं यंत्रही बसवून घ्या, असं माझं सांगणं आहे. स्वतः बोर्ड उघडू नका. एसएमपीएसचा डबा तर कधीच उघडू नका, पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. शोध आपण घ्यायचा, विजेचं काम जाणकाराकडून करून घ्यायचं.

देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. हा फरक नुसत्या पैशाचा नाही. पहिल्यांदा काही बिघडलं की मुलाला ‘परत कर’ म्हणतात आणि मुलीच्या हातातून काढून घेतात, याचाही तो आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. घरातल्या पोरीच्या हातून काही बंद पडलं तर ‘काय केलंस?’ असं न विचारता ‘काय झालं?’ असं विचारा. बिलं स्वतःच्या नावानं घ्या आणि जपून ठेवा. आणि बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायर आहे का, ते वायरमनला विचारा.

लेक अजून खेळते. रात्री कधी कधी मला फोन करून कुठली पातळी पार केली ते सांगते. मला त्यातलं निम्मं कळत नाही. वडिलांनी विकायचा विषय काढलेला नाही. स्थळांचा विषय अधूनमधून निघतो, तो लढा वेगळा आहे आणि चालू आहे. वही मात्र तिनं बंद केलेली नाही. परवा तिची आई मला म्हणाली, गिरणीची मोटार सारखी जळते, तिच्या तारखा लिहायला घेतल्यात.

थांबते. प्रश्न असतील तर विचारा. आणि अर्थिंग राहिलेल्या चार घरच्या बायकांनी जाण्याआधी मला भेटा.